अवघड ग्रंथ आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून दहावी-बारावीचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे पुढील शिक्षण, स्पर्धा परीक्षा या विषयांवर मार्गदर्शन होते. ते आवश्यकच आहे. यंदा मला विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, म्हणून मी जरा आडवळणाचा विषय घेतला आहे. जगातील मोठ्या तत्त्वचिंतकांनी लिहिलेले जुने, अवघड ग्रंथ तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य वाचकाने वाचावेत का, आणि वाचायचे झाल्यास कसे वाचावेत, याबद्दल मी चार शब्द बोलणार आहे. मी या विषयाचा पंडित नाही. बी. ए. ला माझे विषय मराठी आणि इतिहास होते. तेव्हा हे एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगितलेले अनुभवाचे बोल समजावेत.

प्रथम एक कबुली देतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट आहे. दहावीतल्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या कपाटातून प्लेटोच्या संवादांचे मराठी भाषांतर घरी नेले. दोन दिवसांनी तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "सर, हे समजलं नाही." मी पान पाहिले. मलाही ते समजले नाही. पण शिक्षकाने वर्गासमोर "मला समजत नाही" म्हणणे त्या वेळी मला कमीपणाचे वाटत असे. मी म्हणालो, "हे तुझ्या कामाचं नाही रे. आधी गणिताकडे बघ." त्याने निमूटपणे पुस्तक कपाटात ठेवले. त्यानंतर वर्षभरात त्याने कपाटाला हात लावला नाही.

मित्रहो, माझे हे उत्तर कोठून आले होते? ते माझ्याच एका जुन्या जखमेतून आले होते. कॉलेजात असताना मी मोठ्या हौसेने ग्रंथालयातून कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' हा ग्रंथ आणला होता. तीन आठवड्यांत माझी अकरा पाने झाली, आणि त्या अकरा पानांतलेही काही हाती लागले नाही. पुस्तक परत करताना मित्राने विचारले, "कसं आहे?" मी म्हणालो, "छान आहे." आपल्या डोक्यात काही कमी आहे, असे त्या दिवशी मनाशी ठरवून मी मोकळा झालो. पुढे तेच मी माझ्या विद्यार्थ्याच्या पदरात टाकले.

त्या मुलाचा उतरलेला चेहरा मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून मी पुन्हा वाचायला बसलो. तेव्हा मला एक गोष्ट कळली. जे समजत नाही म्हणून मी लाजत होतो, ते थोरामोठ्यांनाही समजले नव्हते.

इब्ने सीना हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. इ. स. 980 ते 1037 हा त्यांचा काळ. त्यांचा वैद्यकावरचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. त्यांनी आपल्या शिष्याला सांगितलेले आत्मचरित्र उपलब्ध आहे, आणि त्यात तरुणपणची एक हकीकत आहे. बुखारा शहरात राहत असताना त्यांनी ॲरिस्टॉटलचा 'मेटाफिजिक्स' हा ग्रंथ वाचायला घेतला. एकदा वाचला, समजला नाही. पुन्हा वाचला. असा चाळीस वेळा वाचला. ग्रंथ तोंडपाठ झाला, पण त्याचा हेतू काय, हे कळेना. अखेर त्यांनी आशा सोडली.

पुढे एके दिवशी अस्रच्या सुमारास ते पुस्तकांच्या बाजारात गेले. एक दलाल एक पुस्तक घेऊन मागे लागला. या विषयात आता काही राम नाही, असे समजून त्यांनी ते नाकारले. दलाल म्हणाला की, मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहमला देतो. म्हणून त्यांनी ते घेतले. तो फाराबी यांचा, 'मेटाफिजिक्स'चा हेतू समजावून सांगणारा लहानसा लेख होता. घरी जाऊन त्यांनी तो घाईघाईने वाचला, आणि पाठ असलेला सगळा ग्रंथ एकदम उलगडला. दुसऱ्या दिवशी अल्लाहचे आभार मानून त्यांनी गोरगरिबांना पुष्कळ सदका वाटला.

फाराबींच्या त्या लेखात असे काय होते? त्यांनी सांगितले होते की, पुष्कळ लोक या ग्रंथात ईश्वर आणि आत्मा यांचीच चर्चा असेल या अपेक्षेने येतात आणि गोंधळतात. ग्रंथाचा मुख्य विषय त्याहून व्यापक आहे. जे जे म्हणून अस्तित्वात आहे, त्या सगळ्यांना समान असे काय आहे, याचा तो शोध आहे. म्हणजे आधी ग्रंथाचा प्रश्न कोणता ते कळले पाहिजे. प्रश्न चुकला की उत्तरे पाठ करूनही हाती काही लागत नाही. मुलांनो, गणितात 'काय काढायचे आहे' हे न वाचता आकडेमोड सुरू करणाऱ्याचे जे होते, तेच येथे होते.

या हकीकतीतून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली, न समजणे हा नालायकीचा दाखला नव्हे. दुसरी, कोणीतरी लिहिलेल्या छोट्या मार्गदर्शक पुस्तकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. इब्ने सीनांना जी मदत लागली, ती आपल्याला लागली तर बिघडले कोठे? खुद्द कांटचेच पाहा. त्याचा तो ग्रंथ 1781 साली निघाला, तेव्हा विद्वानांनाही तो नीट समजला नाही. म्हणून 1783 साली त्याने त्याच विषयाची ओळख करून देणारे एक लहान पुस्तक स्वतःच लिहिले. मला ही गोष्ट आधी कळली असती, तर माझी अकरा पानांवर फजिती झाली नसती.

आता वाचण्याची रीत सांगतो. ती माझी नाही, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची आहे. 1647 साली त्याच्या एका ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच्या सुरुवातीच्या पत्रात त्याने वाचकाला सल्ला दिला आहे. पहिल्या वेळी हे पुस्तक कादंबरी वाचावी तसे सरळ वाचून काढा, अडेल तेथे थांबू नका. दुसऱ्या वेळी एका मुद्द्यातून दुसरा कसा निघतो ते पाहा, जेथे अडेल तेथे खूण करा आणि पुढे चला. तिसऱ्या वेळी बहुतेक खुणांची उत्तरे आपोआप सापडतील. तरी काही उरले तर आणखी एकदा वाचा. ग्रंथकारच जेथे तीन-चार वेळा वाचा म्हणतो, तेथे आपण एकाच वाचनात सगळे कळावे असा हट्ट का धरावा?

मी या रीतीने जो पहिला ग्रंथ वाचला, तो प्लेटोचा 'मेनो' नावाचा संवाद. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी तोच सुचवतो. तो लहान आहे, दोन-तीन संध्याकाळीत एकदा वाचून होतो. शिवाय त्यात माणसे बोलतात, रागावतात, थट्टा करतात. सुमारे 2400 वर्षांपूर्वीचे अथेन्स शहर आहे. मेनो नावाचा श्रीमंत तरुण सॉक्रेटिसला विचारतो, सद्गुण शिकवता येतो का? की तो सरावाने येतो? की जन्मतःच असतो? पालकहो, हा प्रश्न तुम्हाला परका वाटतो काय? मुलगा चांगल्या वळणाचा निघावा म्हणून काय करावे, हेच तुम्ही दरवर्षी शाळेच्या दारात मला विचारता.

येथे शब्दांबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. भाषांतरात आपण 'सद्गुण' वाचतो. मूळ ग्रीक शब्द अधिक व्यापक आहे. घोड्याचे चांगले धावणे, सुरीचे चांगले कापणे यालाही तो लावता येतो. जी वस्तू ज्यासाठी आहे, त्यात तिचे उत्तम असणे, असा त्याचा भाव आहे. एवढे ध्यानात ठेवले की संवादातील निम्म्या अडचणी दूर होतात. प्रत्येक मोठ्या ग्रंथात असे चार-पाच कळीचे शब्द असतात. ते वहीत वेगळे लिहून काढावेत आणि ग्रंथकार ते कोणत्या अर्थाने वापरतो ते पाहावे.

सॉक्रेटिस उलट विचारतो, सद्गुण म्हणजे काय ते तरी आधी सांग. मेनो एक उत्तर देतो, ते टिकत नाही. दुसरे देतो, तेही टिकत नाही. शेवटी तो वैतागून म्हणतो की, समुद्रात एक मासा असतो, त्याला हात लागला की अंग बधिर होते, तू तसा आहेस. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हा दृष्टान्त समजावून सांगायला नको.

मग सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो. त्या पोराने कधी भूमिती शिकलेली नाही. सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? पोरगा ठणकावून सांगतो, बाजू दुप्पट घ्या, चार फूट. पण चार फुटांचा चौरस सोळाचा होतो. मग तो म्हणतो, तीन फूट. तो नऊचा होतो. आता पोरगा गप्प होतो आणि कबूल करतो की, मला माहीत नाही. त्या क्षणी सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो की, या पोराचे आता नुकसान झाले की फायदा? मघाशी याला वाटत होते की आपल्याला कळते. आता कळत नाही हे कळले, म्हणून आता हा शोधायला लागेल.

हे पान वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. माझा विद्यार्थी नेमका याच ठिकाणी माझ्यासमोर उभा होता. "सर, समजलं नाही," असे म्हणत होता. ती शिकण्याची सुरुवात होती, आणि मी तिला शेवट समजलो होतो.

तो विद्यार्थी आज फरशी बसवण्याचे काम करतो, हाताखाली दोन माणसे आहेत. गेल्या वर्षी आमच्या नातेवाइकांच्या घरी त्याचे काम चालू असताना माझी भेट झाली. मी त्याला त्या पुस्तकाची आठवण दिली. त्याला काहीच आठवत नव्हते. "कुठलं पुस्तक, सर?" म्हणाला. इतकी वर्षे ते ओझे मी एकटाच वाहत होतो. मग म्हणाला, "काय होतं त्यात?" समोर दोन बाय दोनच्या फरश्या रचून ठेवल्या होत्या. मी त्याला तोच प्रश्न घातला. एका फरशीच्या बरोबर दुप्पट जागा भरेल असा एक चौरस काढ, बाजू किती घेशील?

तो म्हणाला, "चार फूट." लगेच स्वतःच हसला. "नाही सर, त्याला तर चार फरश्या लागतील." मग तीन फूट म्हणाला, मनात हिशेब केला आणि मान हलवली. मी काही सांगितले नाही. त्याने चार फरश्या जुळवून मांडल्या, जरा वेळ पाहत राहिला. नंतर पेन्सिल घेऊन प्रत्येक फरशीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ अशी ओढली की मध्ये एक तिरपा चौरस तयार झाला. "चारही फरश्यांची निम्मी-निम्मी आत आली. चार अर्ध्या म्हणजे दोन. झाला की दुप्पट!" म्हणजे मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस. अथेन्समधल्या त्या पोराला सॉक्रेटिसने प्रश्न विचारत विचारत येथेच आणले होते.

यावर प्लेटो म्हणतो की, आत्म्याला हे आधीच ठाऊक होते, शिकणे म्हणजे त्याला आठवणे. प्लेटोचे हे स्पष्टीकरण तुम्हाला पटेलच असे नाही. मलाही पटलेले नाही. पण प्रश्न शिल्लक राहतोच. कोणी सांगितले नसताना त्या मुलाला उत्तर बरोबर आहे हे कशावरून कळले? मोठा ग्रंथ आपल्याजवळ असा प्रश्न ठेवून जातो. तो मान्य करण्यासाठी वाचायचा नसतो, त्याच्याशी बोलण्यासाठी वाचायचा असतो.

आता काही पालकांच्या मनातील शंकेकडे वळतो. एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, असली पुस्तकं वाचून पोरांची डोकी फिरतात. दीनही जातो आणि दुनियाही." त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. त्यांना मी इमाम गझालींचे उदाहरण सांगितले. इ. स. 1058 ते 1111 हा त्यांचा काळ. तत्त्वज्ञांच्या मतांवर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांनी टीका कशी केली? आपल्या आत्मकथनपर ग्रंथात ते सांगतात की, एखादी विचारसरणी पुरती समजून घेण्यापूर्वी तिचे खंडन करणे म्हणजे अंधारात बाण मारणे. म्हणून बगदादमध्ये तीनशे विद्यार्थ्यांना शिकवण्याची जबाबदारी सांभाळून, मिळेल त्या फुरसतीत, कोणा उस्तादाशिवाय त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचले. वाचनाला दोन वर्षांहून कमी काळ लागला आणि नंतर जवळजवळ वर्षभर ते त्यावर मनन करीत राहिले.

त्यांनी आधी तत्त्वज्ञांची मते जशीच्या तशी मांडणारा एक ग्रंथ लिहिला आणि खंडनाचा ग्रंथ वेगळा लिहिला. पहिला ग्रंथ इतका प्रामाणिक उतरला की, त्याचे लॅटिन भाषांतर प्रस्तावनेवाचून फिरू लागले, तेव्हा युरोपातले वाचक गझालींनाच त्या मताचे समजले! पुढे इब्ने रुश्द यांनी गझालींच्या खंडनाला उत्तर देणारा ग्रंथ लिहिला. असा हा वाद विद्वानांनी ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देऊन केला. ज्याला समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडता येते, त्याचे डोके सहजासहजी कोणी फिरवू शकत नाही. मोबाईलवर आलेला दोन ओळींचा मजकूर न वाचता पुढे ढकलणाऱ्याचे डोके फिरणे फार सोपे आहे.

आणि दुनियेबद्दल म्हणाल, तर या वाचनाने पगार वाढत नाही, हे मी मान्य करतो. पण नोकरी, संसार सांभाळून वाचणाऱ्यासाठी गझालींच्या त्या तीनशे विद्यार्थ्यांइतका मोठा दिलासा दुसरा नाही. माझ्या वर्गात तर साठच मुले आहेत.

'मेनो'मध्ये पालकांसाठी आणखी एक जागा आहे. सॉक्रेटिस अनायटस या प्रतिष्ठित नागरिकाला विचारतो की, अथेन्सच्या थोर पुरुषांची मुले त्यांच्यासारखी का निघाली नाहीत? थेमिस्टोक्लीसने मुलाला घोड्यावर उभे राहून भाला फेकण्यापर्यंत सगळे शिकवले, मग स्वतःचे शहाणपण का देता आले नाही? अनायटस चिडतो आणि जपून बोल, असे बजावून गप्प होतो. पुढे इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्यांत हाच अनायटस होता. मुलाला सायकलपासून संगणकापर्यंत सगळे शिकवणाऱ्या आपल्यालाही हा प्रश्न बोचल्याशिवाय राहत नाही. संवादाच्या शेवटी पक्के उत्तर मिळत नाही. पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. आता वाटते की, उत्तर तयार मिळाले असते तर मी ते वहीत उतरवून विसरून गेलो असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एकट्याने वाचताना माणूस लवकर थकतो. आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी तासभर बसतो. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक औषध दुकानदार, दोघी शिक्षिका आणि मी. एका बैठकीत फक्त दोन पाने. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ते आपल्या साध्या भाषेत सांगायचे. ज्याला समजले नाही त्याने तसे स्पष्ट म्हणायचे. आमच्याकडे तसे म्हणण्याची लाज उरलेली नाही. सर्वांत जास्त वेळा ते मीच म्हणतो.

आज मी संस्थेकडे आणि पालकांकडे दोन गोष्टी मागतो. संस्थेने वाचनालयात एक फळी या ग्रंथांसाठी आणि ते समजावून देणाऱ्या छोट्या पुस्तकांसाठी राखावी. ते कपाट कुलपात नसावे. आणि पालकहो, उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी एखादे जाडजूड पुस्तक घेऊन तुमच्यापुढे आली आणि "हे समजत नाही" म्हणाली, तर मी जे उत्तर दिले ते देऊ नका. शेजारी बसवून घ्या आणि म्हणा, "मलाही समजत नाही. कुठे अडलं ते दाखव, दोघं मिळून पाहू."